क्लाउड सॉफ्टवेअरची क्रेडिट-मर्यादा : वापरापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

खरिपाचा हंगाम तोंडावर आला की चिखली तालुक्यातील सेवा सहकारी संस्थांच्या गटसचिवांपुढे एक ठरलेले काम असते. ते म्हणजे कमाल मर्यादा पत्रक, अर्थात व्यवहारातले ‘क. म. पत्रक’ तयार करणे. सभासदाच्या नावावरील क्षेत्र, तो घेणार असलेले पीक आणि त्या पिकासाठी जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरविलेला हेक्टरी कर्जदर या तीन गोष्टींवरून प्रत्येकाची कर्जमर्यादा पेरणीपूर्वीच कागदावर येते. सोयाबीनला किती, तुरीला किती, रब्बीत हरभऱ्याला किती, हे सभासदाच्या ओळखीपाळखीवर किंवा सचिवाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. निदान राहू नये, अशी ही रचना आहे. मर्यादा आधी ठरते, उचल नंतर होते.

गेल्या काही वर्षांत कार्यालये, महाविद्यालये, सहकारी बँका व बाजार समित्या यांच्या कारभारात ज्या प्रकारचे सॉफ्टवेअर येऊ लागले आहे, त्याच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. सॉफ्टवेअर घेतले जाते, सर्वांना प्रवेश दिला जातो, वापर सुरू होतो. आणि मर्यादेचा प्रश्न पहिले मोठे बिल हाती पडल्यावर किंवा महिन्याच्या वीस तारखेलाच सेवा बंद झाल्यावर उपस्थित होतो. तोपर्यंत मर्यादा नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. ती होतीच, परंतु ती कार्यालयाने ठरविलेली नव्हती, सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीने आधीच ठरवून ठेवलेली होती. संस्थेने स्वतः काही ठरविले नाही तर आपोआप लागू होणाऱ्या अशा मर्यादेस इंग्रजीत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला पूर्वनिर्धारित मर्यादा म्हटले आहे.

क्लाउड आणि क्रेडिट

क्लाउड म्हणजे दूरच्या माहिती केंद्रातील संगणकांची शक्ती इंटरनेटद्वारे आपल्या टेबलावर वापरणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत. त्यांपैकी एक लक्षण प्रशासनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ‘मोजून दिलेली सेवा’. आपल्या देशात केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे क्लाउड २०१४ मध्ये कार्यान्वित झाले. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये क्लाउडविषयक धोरण जाहीर केले. पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतले जाई आणि मग ते दिवसातून एकदा वापरले काय किंवा शंभर वेळा वापरले काय, खर्चात फरक पडत नसे. आता प्रत्येक वापर मोजला जातो. मोजणीचे एकक म्हणून अनेक कंपन्या ‘क्रेडिट’ ही संज्ञा वापरतात. संस्था ठरावीक क्रेडिट आगाऊ विकत घेते आणि प्रत्येक कामागणिक त्यांतून वजावट होत जाते.

ही पद्धत ग्रामीण वाचकांना अगदीच अपरिचित नाही. २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घेताना खातेदार संकेतस्थळावरील आपल्या खात्यात रक्कम भरतो आणि प्रत्येक उताऱ्यामागे पंधरा रुपये वजा होतात. शिल्लक संपली की पुढचा उतारा निघत नाही. जमा, वजावट आणि शिल्लक एवढाच हा हिशेब आहे.

संस्थेच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे, खिसा सामायिक असतो. एकाच साठ्यातून सर्व कर्मचारी खर्च करतात, पण साठा संपल्याची झळ ज्याने तो संपविला त्यालाच लागते असे नाही. दुसरी म्हणजे, माप सारखे नसते. सातबाऱ्याचे पंधरा रुपये ठरलेले आहेत; क्रेडिटचे तसे नाही. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘कोपायलट स्टुडिओ’ या सेवेत २०२५ च्या दरानुसार आधी लिहून ठेवलेले साधे उत्तर देण्यास एक क्रेडिट, कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने तयार केलेल्या उत्तरास दोन, आणि त्यासाठी संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांत शोध घ्यावा लागल्यास आणखी दहा क्रेडिट वजा होतात. म्हणजे दोन कर्मचाऱ्यांनी महिनाभरात प्रत्येकी शंभरच प्रश्न विचारले तरी एकाचा खर्च शंभर क्रेडिट आणि दुसऱ्याचा बाराशे होऊ शकतो. बाराशे खर्च करणाऱ्याने उधळपट्टी केली असे यावरून मुळीच ठरत नाही. कदाचित त्याचेच काम अधिक गरजेचे असेल. प्रश्नांची संख्या पाहून कोणालाही दोष देण्यापूर्वी प्रत्येक कामाला किती क्रेडिट लागतात याचे दरपत्रक कार्यालयप्रमुखाने स्वतः वाचलेले असले पाहिजे.

काहीच ठरविले नाही तर

पूर्वनिर्धारित मर्यादा सामान्यतः तीन प्रकारच्या आढळतात. काही सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तीवर कोणतीही मर्यादा नसते आणि सर्व साठा सर्वांना खुला असतो. काहींमध्ये मर्यादा शून्य असते, म्हणजे प्रशासकाने परवानगी देईपर्यंत कोणालाच वापर करता येत नाही. आणि काहींमध्ये प्रत्येकास एक ठरावीक आकडा आपोआप दिलेला असतो.

पहिला प्रकार सुरुवातीस उदार वाटतो. प्रत्यक्षात त्याचा परिणाम कालव्याच्या पाण्यासारखा होतो. मुखाजवळच्या शेतकऱ्याला मनाई नसली की शेपटाकडील शेतकऱ्याला निराळी मनाई करावी लागत नाही. पाणीच पोहोचत नाही. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ अन्वये पाणीवापर संस्थांना घनमापनाने मोजून पाण्याचा वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले, त्यामागे हाच अनुभव होता. कार्यालयातील शेपूट कोणते, हे ओळखणे कठीण नाही. जो कर्मचारी दिवसभर संगणकासमोर बसतो, तो महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मनसोक्त वापर करून घेतो. ज्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन गावांचा कार्यभार आहे आणि ज्याला गृहभेटी, ग्रामसभा, वसुली यांतून सवड मिळते ती महिनाअखेरीस, त्याच्या वाट्याला ‘साठा संपला आहे’ हा संदेश येतो. दोघांनाही नियमाने समान हक्क होता.

दुसरा प्रकार, म्हणजे शून्य मर्यादा, वित्त विभागाची पार्श्वभूमी असलेल्या अधिकाऱ्यांना स्वाभाविकपणे आवडतो. मागणी आल्याशिवाय खर्च नाही, हे सूत्र सुरक्षित वाटते. परंतु मागणी कोण करतो, याचा विचार येथे सुटून जातो. तालुक्याच्या ठिकाणी बसणारा, वरिष्ठांशी बोलण्याची सवय असलेला कर्मचारी पहिल्याच दिवशी अर्ज करील. दूरच्या वस्तीशाळेवरील शिक्षिकेला आपल्या खात्यात ही सोय आहे, पण ती बंद ठेवली आहे, हेच कळणार नाही. ‘आपल्याकडे ते चालत नाही’ एवढे म्हणून त्या ती गोष्ट सोडून देतील. शून्य मर्यादेत वाचलेली रक्कम हिशेबात दिसते. न झालेले काम कोठेच नोंदले जात नाही. शिवाय अशा कार्यालयात आणखी एक प्रकार घडण्याची शक्यता असते. रोजच्या रोज येणाऱ्या अर्जांना कंटाळून मंजुरी देणारा अधिकारी एके दिवशी सर्वांची मर्यादा एकदम उठवून टाकतो आणि कार्यालय शून्यावरून थेट पहिल्या प्रकारात जाते.

तिसरा प्रकार, अर्थात प्रत्येकास ठरावीक आकडा, या दोहोंपेक्षा बरा. मात्र कंपनीने घातलेल्या त्या आकड्याला चिखलीच्या कार्यालयातील कामाची कसलीही माहिती नसते. तो आकडा बदलण्यासाठीच दिलेला आहे, असे समजून चालावे.

मर्यादा नसणे ही स्थिती कायम टिकेल असेही गृहीत धरता येत नाही, हे शिक्षण क्षेत्राने अलीकडेच अनुभवले आहे. करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने गुगल कंपनीच्या सहकार्याने ‘गुगल क्लासरूम’ व त्यासोबतच्या सेवा शाळांसाठी उपलब्ध करण्याचा उपक्रम जाहीर केला. त्या वेळी शिक्षणसंस्थांना फाइली साठविण्यासाठी या सेवेत मिळणारी जागा अमर्याद होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने घोषणा केली की यापुढे प्रत्येक संस्थेस मिळून १०० टेराबाइट एवढीच सामायिक जागा विनामूल्य मिळेल. जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. कंपनीच्या अंदाजानुसार एवढ्या जागेत सुमारे चार लाख तासांचे चित्रीकरण मावते, त्यामुळे एका लहान महाविद्यालयास ती अपुरी पडण्याचे कारण नाही. पण ज्या संस्थेच्या एकाच नोंदणीखाली हजारो खाती उघडली गेली आणि प्रत्येक तासिकेचे चित्रीकरण जपून ठेवले गेले, तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला : कोणाचे काय पुसावे? प्रशासकाला विभागवार मर्यादा घालण्याची सोय उपलब्ध आहे. ती वेळीच वापरली असती तर वर्गातील पाठ आणि स्नेहसंमेलनाची चित्रफीत यांत निवड करण्याची वेळ आली नसती. येथे मोजणी क्रेडिटची नसून जागेची आहे, पण साठा सामायिक असल्याने अडचण तीच आहे.

सूचना निराळी, अटकाव निराळा

या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज शब्दांमुळे होतो. क्लाउड सेवांमध्ये ‘बजेट’ या नावाची सोय असते. शासकीय कार्यालयात अंदाजपत्रक म्हणजे खर्चाची बांधील मर्यादा. बीम्स प्रणालीवर अनुदान वितरित झालेले नसेल तर देयक कोषागारात स्वीकारलेच जात नाही. आहरण व संवितरण अधिकाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. त्यामुळे क्लाउडवर ‘बजेट’ भरले की खर्च तेथे थांबेल, असा त्याचा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ॲमेझॉन आणि गुगल या कंपन्यांच्या क्लाउड सेवांमध्ये असे बजेट ही केवळ सूचना असते. खर्च ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचला की ई-मेल येतो. सेवा आपोआप थांबत नाही. थांबवावयाची असल्यास वेगळी व्यवस्था लावावी लागते. त्यातही ॲमेझॉनच्या बजेटमधील खर्चाचे आकडे दिवसातून फार तर तीन वेळा अद्ययावत होतात, त्यामुळे सूचना येईपर्यंत काही तास उलटून गेलेले असतात. याउलट मायक्रोसॉफ्टच्या ‘अझूर’ सेवेत ज्या खात्यांना आगाऊ क्रेडिट मिळालेले असते, त्यांच्यावर खर्चमर्यादा मुळातच लागू असते आणि क्रेडिट संपताच सेवा बंद होतात. मात्र वापराप्रमाणे बिल भरण्याच्या खात्यांना ती मर्यादा उपलब्ध नाही. एकाच शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ असतील तर निविदेच्या कागदपत्रात तो शब्द न वापरता ‘मर्यादा गाठल्यावर सेवा थांबेल काय?’ असा साधा प्रश्न विचारून लेखी उत्तर घेणे श्रेयस्कर.

सूचनेवर विसंबून राहण्यातील धोका २०२४ मधील एका प्रसंगाने जगापुढे आला. एका संगणक अभियंत्याने ॲमेझॉनच्या क्लाउडवर चाचणीसाठी फाइली ठेवण्याची एक रिकामी जागा उघडली होती. एक-दोन दिवसांत तिच्यावर सुमारे दहा कोटी विनंत्या येऊन आदळल्या आणि बिल तेराशे डॉलरच्या वर गेले. चौकशीत आढळले ते असे की, एका लोकप्रिय खुल्या सॉफ्टवेअरच्या पूर्वनिर्धारित मांडणीत नमुना म्हणून जे नाव लिहिलेले होते, नेमके तेच नाव या जागेला दिले गेले होते. ज्यांनी ते सॉफ्टवेअर बसविताना नमुन्याचे नाव बदलले नाही, त्या सर्वांचे संगणक आपली माहिती या अनोळखी जागेवर पाठवू पाहत होते. आणि नाकारलेल्या प्रत्येक विनंतीचाही आकार जागेच्या मालकावर पडत होता. कंपनीने ते बिल माफ केले आणि मे २०२४ मध्ये अशा अनधिकृत विनंत्यांवरील आकारणीही बंद केली. कोणीही गैरवापर केला नव्हता. अनेकांनी काहीच ठरविले नाही, एवढेच झाले होते.

तथापि, अटकाव लावला की काम संपले असेही नाही. अटकाव कोठे लावला यास महत्त्व आहे. संपूर्ण संस्थेच्या साठ्यावरच एकमेव अटकाव असेल तर तो लागू होताच सर्वांचे काम एकाच वेळी बंद पडते. वर उल्लेखिलेल्या कोपायलट स्टुडिओत वापर खरेदी केलेल्या क्षमतेच्या १२५ टक्क्यांपर्यंत गेला की संस्थेने तयार केलेले सहायक बंद केले जातात. मग त्यांतला एक दाखल्यांविषयी नागरिकांना उत्तरे देणारा असो की दुसरा केवळ इतिवृत्ताचा मसुदा करणारा. म्हणून अटकाव आधी व्यक्तीवर, मग शाखेवर आणि सर्वांत शेवटी संस्थेवर लागू व्हावा. घरातील एका खोलीचा फ्यूज उडाला तर बाकीच्या खोल्यांत दिवे राहतात, तशी ही योजना आहे.

चिखलीतील एका कार्यालयाचा नमुना हिशेब

समजा, चिखली येथील चाळीस कर्मचाऱ्यांच्या एका कार्यालयाने दरमहा २५,००० क्रेडिट देणारी सेवा घेतली आहे आणि न वापरलेली क्रेडिट पुढील महिन्यात वर्ग होत नाहीत. प्रथमदर्शनी सुचणारी वाटणी म्हणजे प्रत्येकी ६२५. ती दिसते न्याय्य, पण तीत दोन दोष आहेत. नागरिकांच्या अर्जांचे काम पाहणाऱ्या टेबलाला ६२५ पुरणार नाहीत आणि आवक-जावक लिपिकाची निम्मी तशीच वाया जातील. शिवाय सर्व साठा वाटून झाल्यामुळे अडीअडचणीस एकही क्रेडिट उरत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची रचना या ठिकाणी उपयोगी पडते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०१२ साली जी सुधारणा झाली, तीनुसार पीककर्जाच्या दराने येणाऱ्या रकमेत काढणीपश्चात व घरखर्चासाठी १० टक्के आणि शेतीसाधनांच्या देखभालीसाठी २० टक्के भर घालून मर्यादा ठरते; पुढील चार वर्षे तीत दरवर्षी १० टक्के वाढ धरली जाते. शेतकऱ्याची गरज केवळ बियाणे-खतांपुरती नसते आणि ती दरवर्षी तीच राहत नाही, हे योजनाकारांनी मर्यादा ठरवितानाच मान्य केले. प्रत्येक वेळी त्याने बँकेच्या दारात उभे राहून सांगावे, अशी अपेक्षा ठेवली नाही.

त्याच धर्तीवर या कार्यालयाने प्रत्येक कर्मचाऱ्यास, न मागता, ४०० क्रेडिट द्यावीत. म्हणजे १६,००० झाली. ज्या पाच पदांचे काम स्वभावतःच अधिक वापराचे आहे, त्यांना प्रत्येकी आणखी १,००० द्यावीत. ही ५,००० झाली. उरलेली ४,००० राखीव ठेवावीत. अधिकची क्रेडिट पदाला द्यावीत, व्यक्तीला नव्हे. बदली झाली की ती मागे राहतील आणि नव्याने रुजू होणाऱ्याला शून्यापासून अर्ज करावा लागणार नाही. ज्याची मर्यादा संपेल त्याला राखीव साठ्यातून २०० क्रेडिट देण्याचा अधिकार शाखाप्रमुखाला असावा आणि तो निर्णय त्याच दिवशी व्हावा. ज्या वाढीसाठी नस्ती चार टेबलांवरून फिरते, ती वाढ महिना संपल्यावर मिळते. त्याहून मोठ्या मागण्या कार्यालयप्रमुखाकडे जाव्यात.

या वाटणीत एक गोष्ट सहज विसरली जाते. आपोआप चालणाऱ्या कामांना, म्हणजे रात्री अहवाल तयार करणाऱ्या किंवा दर तासाला माहिती ताळून पाहणाऱ्या प्रक्रियांना, स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र, कडक मर्यादा हवी. माणूस थकतो, जेवायला उठतो, सुटीवर जातो. चुकीची आज्ञा मिळालेली प्रक्रिया शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत महिन्याचा साठा संपवू शकते. अशी प्रक्रिया एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून चालविली जात असेल तर सोमवारी त्याच्याकडून खुलासा मागितला जातो, आणि वापर आपण केलाच नाही हे त्याला सिद्ध करता येत नाही.

पहिले तीन महिने वरील आकडे प्रायोगिक समजावेत. दर महिन्याच्या पंधरा तारखेला वापराचा तक्ता काढून दोन याद्या पाहाव्यात. मर्यादेपर्यंत पोहोचलेल्यांची यादी सर्वच पाहतात. दुसरी यादी ज्यांनी एकही क्रेडिट वापरले नाही त्यांची. या दुसऱ्या यादीतील कर्मचाऱ्यास गरज नाही, माहिती नाही की इंटरनेटच नाही, याचा शोध दूरध्वनीवरून घेता येतो, आणि तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत. त्याचे क्रेडिट परस्पर काढून दुसऱ्यास देणे हा त्यांतला उपाय नव्हे. तीन महिन्यांच्या आकडेवारीनंतर सर्वांच्या मर्यादांची बेरीज खरेदीपेक्षा थोडी अधिक ठेवण्यासही हरकत नाही, कारण सर्वच जण एकाच महिन्यात पूर्ण वापर करीत नाहीत. अपवाद ठरलेल्या महिन्यांचा. मार्चअखेरीस लेखा शाखेचा, जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी शाळांचा आणि पेरणीच्या तोंडावर कृषी व सहकार शाखांचा भार एकदम वाढतो. त्या महिन्यांपुरत्या वाढीव मर्यादेचा आदेश आदल्या महिन्यातच निघावा.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत मर्यादेचा आकडा, ती ठरविणाऱ्याचे पद आणि वाढ मागण्याची रीत या तिन्ही गोष्टी मासिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात. कार्यभार हस्तांतराच्या यादीत शिक्के, चेकबुक आणि डिजिटल स्वाक्षरीचे साधन यांच्याबरोबर सॉफ्टवेअरच्या प्रशासक खात्याचाही उल्लेख असावा, आणि जुन्या अधिकाऱ्याचा प्रवेश बंद केल्याची तारीख त्याच यादीत लिहावी.